पक्षाच्या प्रदेश शाखेची नियमावली लिहायची आहे, पहिलं कलम कशाचं असावं?

कोरा_कागद

मंडळी, नमस्कार. गेली १९ वर्षं मी एका पक्षाचं काम करतोय. पक्षाचं नाव लिहीत नाही, नाहीतर चर्चा नावाभोवतीच फिरत राहील. शाखेत सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली, पुढे तालुका चिटणीस झालो, आता प्रदेश कार्यकारिणीत आहे. गेल्या बैठकीत आम्हा तिघांची समिती नेमली गेली. काम एकच, प्रदेश शाखेची कार्यनियमावली लिहून काढायची.

पक्षाची घटना आहे, पण ती देशपातळीची. प्रदेशाबद्दल तिच्यात एवढंच म्हटलंय की प्रदेश समिती आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करील. ते नियम आजवर कुणी केलेच नाहीत. त्यामुळे बैठक कुणी बोलवायची, विषयपत्रिका किती दिवस आधी पाठवायची, जिल्हाध्यक्ष कुणी नेमायचा, खात्यातून पैसे कुणाच्या सहीने काढायचे, हे सगळं त्या त्या वेळच्या माणसांवर अवलंबून राहिलं. एका जिल्ह्यात तर आठ महिने दोन जिल्हाध्यक्ष होते. एकाकडे प्रदेशाध्यक्षांचं पत्र, दुसऱ्याकडे प्रभारींचं. दोघंही जुने, प्रामाणिक कार्यकर्ते. त्या आठ महिन्यांत दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मला हे फार लागलं, म्हणून ही जबाबदारी आनंदाने घेतली.

तुम्ही कुठल्याही पक्षात काम केलं असेल किंवा बाहेरून पाहिलं असेल, तर सांगा. पहिलं कलम कशाचं लिहाल?

वाटसरू७२

बैठकीचं. तारीख ठरलेली, सूचना लेखी, इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचून कायम करायचं. बाकी सगळं यातून येतं.

फिरतीवर

दादा, तुमची तळमळ पोचली, पण मी विरुद्ध बाजूने बोलतो. २२ वर्षं पूर्णवेळ संघटनेचं काम केलं, त्यातली ९ प्रदेश कार्यालयात. पक्ष म्हणजे सहकारी सोसायटी नव्हे. निवडणूक लागली की दिवसाला ४० निर्णय घ्यावे लागतात. गणपूर्ती झाली का, विषयपत्रिकेत होतं का, हे विचारत बसलो तर समोरचा प्रचाराची पहिली फेरी उरकून मोकळा होतो. संघटना उभी राहते ती फोन उचलणाऱ्या माणसावर. रात्री दोनला तालुकाध्यक्षाचा फोन आला आणि प्रदेशातल्या कुणी तो घेतला, तर ते नातं कुठल्याही कलमापेक्षा मोठं असतं.

नियम करा, पण थोडके करा आणि अध्यक्षाला मोकळं ठेवा.

कलम_दर_कलम

@फिरतीवर, तुमचा अनुभव मोठा आहे आणि फोनचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण पक्ष एकसंध असेपर्यंतच ते खरं. पक्ष फुटला की कागद बोलायला लागतात. वकिली करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पक्षाची नोंदणी होते लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९अ खाली. हे कलम १९८९ मध्ये घातलं गेलं. त्यानुसार पक्षाच्या घटनेत भारतीय संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवरच्या निष्ठेचा उल्लेख लागतो. त्याच कलमात पुढे असंही आहे की पक्षाचं नाव, मुख्य कार्यालय, पदाधिकारी, पत्ता किंवा महत्त्वाच्या इतर कुठल्याही बाबतीत बदल झाला की तो निवडणूक आयोगाला विनाविलंब कळवायचा. आयोगाच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की पक्षांतर्गत निवडणुकांमध्ये पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू नये.

हे कागदोपत्री वाटतं ना? आता महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. शिवसेनेतल्या फुटीनंतर आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि चिन्हाचा निकाल दिला. १९६८ च्या चिन्ह आदेशातल्या परिच्छेद १५ खाली असे वाद सुटतात, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली प्रकरणात तो परिच्छेद उचलून धरला होता. पक्षाची घटना काय म्हणते ही तिथली एक कसोटी. पण २०१८ ची बदललेली घटना आयोगाच्या नोंदीत नव्हती, शिवाय ती लोकशाही पद्धतीची नाही असंही आयोगाने म्हटलं. मग घटनेची कसोटी बाजूला राहिली आणि विधिमंडळातल्या संख्याबळावर निकाल गेला. पुढे १० जानेवारी २०२४ ला विधानसभाध्यक्षांनी आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय दिला, तेव्हाही १९९९ ची घटना ग्राह्य धरली, कारण आयोगाच्या दप्तरात तीच होती.

निकाल कुणाला पटला, कुणाला नाही, त्यात मी जात नाही. कार्यकर्त्याने धडा एवढाच घ्यावा की आपली घटना, आपले बदल, आपल्या निवडी पोच घेऊन दप्तरी लावलेल्या हव्यात.

आणखी एक. याच फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतोद (सभागृहात मत कसं द्यायचं याचा आदेश काढणारा) नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने नाही. म्हणजे आमदारांचा गट वेगळा आणि संघटना वेगळी, हा फरक न्यायालयाने मानला. पण तो फरक दाखवायचा तर संघटना कागदावर जिवंत लागते.

नवखा_सभासद

कलमदादा, एक शंका. पक्षाने स्वतःच्या निवडणुका घेतल्याच नाहीत तर आयोग नोंदणी रद्द करू शकतो का?

कलम_दर_कलम

तेवढ्या कारणावरून नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी रद्द करण्याचा सरसकट अधिकार आयोगाला नाही. फसवणुकीने मिळवलेली नोंदणी वगैरे मोजके अपवाद आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष यादीतून काढले, पण ते सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले आणि पत्त्यावर न सापडलेले पक्ष होते. विधि आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा सुचवला होता. तो अजून झालेला नाही. म्हणून @कोरा_कागद जे करतायत त्याचं मोल मोठं आहे. बाहेरून कुणी सक्ती करत नसताना आतून नियम येतोय.

रानपाखरू

मी पंचायत समितीची माजी सदस्य. माझं उत्तर वेगळं आहे. पहिलं कलम एबी फॉर्मचं लिहा, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे कळवणाऱ्या फॉर्मचं.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी माझी उमेदवारी ठरली होती. तालुक्याच्या बैठकीत नाव एकमताने गेलं, जिल्ह्याने शिक्का मारला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मी तहसीलमध्ये बसलेली, बी फॉर्म पिशवीत. पावणेतीनला दुसरी एक ताई आली, तिच्याकडेही आमच्याच पक्षाचा बी फॉर्म. दोन फॉर्मवर दोन वेगळ्या नेत्यांच्या सह्या. अधिकाऱ्यांकडे ज्या सहीचा नमुना आधी पोचला होता, तिचा फॉर्म धरला गेला. माझा गेला. त्या ताईचा काहीच दोष नव्हता, तिलाही तितकंच खरं सांगितलेलं. आम्ही दोघी बाहेर एकाच बाकावर बसून रडलो.

प्रदेशाकडे तीन पत्रं लिहिली. फॉर्म कुणी, कधी, कशाच्या आधारावर दिला एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, कारण कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. निवडणूक हरले असते तर विसरले असते. हे विसरता येत नाही.

शाईचा_डाग

ताई, वाचून गलबलून आलं.

फिरतीवर

रानपाखरूताई, मी त्या खुर्चीच्या पलीकडे बसलेला माणूस आहे. एबी फॉर्मची पेटी घेऊन रात्रभर गाडीतून फिरलोय. असे दोन-दोन फॉर्म का निघतात ते सांगतो. दोन गटांचं शेवटपर्यंत जमत नाही, कुणाला नाराज करायचं नसतं, मग वेळ मारून नेण्यासाठी दोघांनाही 'तुझंच आहे' म्हटलं जातं. यात वाईट हेतू क्वचित असतो, भीती जास्त असते. तुमच्याबाबतीत जे झालं ते चुकलं. माझ्या हातूनही असं एकदा घडलंय आणि त्या माणसाच्या घरी जाऊन मी माफी मागितली आहे.

वर 'नियम थोडके करा' म्हटलं होतं. त्यात हा नियम असलाच पाहिजे.

कलम_दर_कलम

विधानसभा-लोकसभेसाठी चिन्ह आदेशात हे अगदी काटेकोर आहे. फॉर्म ए मध्ये पक्ष कळवतो की उमेदवार कळवण्याचा अधिकार कुणाला, सोबत नमुना सही. फॉर्म बी मध्ये तो माणूस उमेदवाराचं नाव देतो. दोन्ही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोचायला हवेत, सही मूळ आणि शाईची, रबरी शिक्का चालत नाही. म्हणजे सरकारी बाजूचा नियम पक्का आहे. ही सही करण्याआधी पक्षात काय व्हायला हवं, ती पायरी मोकळी आहे. नियमावलीचं काम तिथे आहे. फॉर्म देण्याची नोंदवही ठेवा: क्रमांक, मतदारसंघ, ज्या ठरावाने नाव ठरलं त्याची तारीख, घेणाऱ्याची सही.

अर्धविराम

एबी फॉर्मच्याही मागे जा. नाव ठरवणाऱ्या बैठकीत बसायचा हक्क कुणाला? सभासदांना. सभासद कोण? इथेच सगळं घोडं अडतं. सभासद यादी ज्याच्या कपाटात, पक्ष त्याचा.

काँग्रेसच्या २०२२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हेच दिसलं. खूप वर्षांनी खरीखुरी लढत होती. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं, शशी थरूर यांना १,०७२. मतदार म्हणजे देशभरातले प्रदेश प्रतिनिधी, नऊ हजारांहून जास्त. पण मतदानाच्या आधी वाद रंगला तो यादीवरून. थरूर यांच्यासह पाच खासदारांनी पत्र लिहून प्रतिनिधींची यादी पारदर्शकपणे उपलब्ध करा अशी मागणी केली. शेवटी इच्छुकांना ती कार्यालयात पाहता येईल असं ठरलं. निवडणूक झाली हे चांगलंच झालं. पण आपल्याला मत देणारे कोण, हे उमेदवाराला विचारावं लागतं यावरून यादीचं वजन कळतं.

प्रदेश पातळीवर तर आणखी अवघड. नोंदणीची पावती पुस्तकं नेत्याकडे गठ्ठ्याने जातात, पैसे एकाच खिशातून भरले जातात, आणि ज्यांच्या नावाने पावती फाटली त्यांना आपण सभासद आहोत हे माहीतही नसतं. मी स्वतः एका नोंदणीत पडताळणीला गेलो होतो. ६० नावांपैकी २३ जणांनी दार उघडून 'कुठला पक्ष?' असं विचारलं.

माझं मत: पहिलं कलम सभासद यादीचं.

वाटसरू७२

@अर्धविराम, मान्य. माझं मत बदललं. यादी पहिली, बैठक दुसरी.

कामगार_वस्ती

डाव्या पक्षात २६ वर्षं आहे, म्हणून आमच्याकडची पद्धत सांगतो. आमच्याकडे पावती फाडून सभासद होता येत नाही. दोघांनी शिफारस करायची, मग वर्षभर उमेदवार सभासद. त्या काळात मत नाही, काम मात्र पूर्ण. दरवर्षी नूतनीकरण. उत्पन्नानुसार लेव्ही भरायची. शाखा, मग तालुका किंवा विभाग, मग जिल्हा, मग राज्य, अशी अधिवेशनं साधारण तीन वर्षांनी खालून वर होतात आणि शेवटी पक्ष काँग्रेस, म्हणजे देशपातळीचं अधिवेशन. मागची, २४ वी, एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला झाली.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अहवाल. राज्य सचिव अधिवेशनात राजकीय आणि संघटनात्मक अहवाल मांडतो. किती सभासद वाढले, किती गळाले, कुठली शाखा बंद पडली, वर्गणी किती थकली, सगळं त्यात येतं. कोपऱ्यातल्या शाखेचा प्रतिनिधी उठून सचिवाला तोंडावर सांगतो, 'हा आकडा चुकीचा आहे.' मी पहिल्यांदा असा उठलो तेव्हा पाय कापत होते. सचिवांनी ऐकून घेतलं, आकडा दुरुस्त झाला. त्या दिवशी हा पक्ष माझा झाला.

अर्धविराम

दादा, वर्णन सुंदर आहे. पण नवीन समितीसाठी नावांचं पॅनेल मावळती समितीच मांडते ना? मग खालून वर जाणारी निवड शेवटी वरून खाली येत नाही का?

कामगार_वस्ती

पॅनेल मांडते, बरोबर. प्रतिनिधीला आणखी नावं सुचवता येतात आणि तसं झालं तर गुप्त मतदान होतं. मी दोनदा असं मतदान पाहिलंय. रोज होत नाही, कारण एकजूट टिकावी असं बहुतेकांना वाटतं. एकजुटीच्या नावाखाली प्रश्न दबतात का? कधी दबतात. ते मी नाकारत नाही.

हिशेबनीस

पैशांवर अजून कुणीच बोललं नाही.

प्रदेश शाखेचा हिशेब वेगळा ठेवला तरी तो पक्षाच्या एकूण हिशेबात जातो. पक्षांना मिळणारी आयकरातली सूट हवी तर वह्या हव्यात आणि लेखापरीक्षण हवं. २,००० रुपयांवरची देणगी रोख घेतली तर सूट धोक्यात. २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क खाली आयोगाकडे जातो. सूट जाते ती पूर्ण पक्षाची, चूक केलेली असते एखाद्या जिल्हा खजिनदाराने, आणि तीही बहुधा अज्ञानातून. निवडणूक रोखे तर १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केले, त्यामुळे पावती, धनादेश आणि बँक हस्तांतर या साध्या मार्गांना पर्याय नाही.

नियमावलीत तीन गोष्टी घाला. खातं किमान दोन सह्यांचं, आणि त्या दोघांत अध्यक्ष नसावा. म्हणजे खजिनदार आणि सरचिटणीस. दुसरं, जिल्ह्यांना स्वतःच्या नावाने पावती पुस्तक छापायला बंदी. पुस्तकं प्रदेशातून, क्रमांकासह, आणि जुनं पुस्तक जमा केल्याशिवाय नवीन नाही. तिसरं, दर तिमाहीला जमाखर्च कार्यकारिणीपुढे ठेवायचा. ठेवायचाच, कुणी मागो न मागो. १४ वर्षं एका संघटनेचा हिशेब पाहिला. खजिनदारावर संशय येतो तो पैसे गेल्यामुळे कमी आणि आकडे न दाखवल्यामुळे जास्त. एक अतिशय सचोटीचा माणूस याच कारणाने बदनाम होऊन घरी बसलेला पाहिलाय.

शाईचा_डाग

पदाधिकाऱ्यांची संख्याही ठरवा हो! आमच्या जंबो कार्यकारिणीचा गट फोटो काढायला फोटोग्राफर दोनदा शिडी मागे नेत होता, तरी उपाध्यक्षांची एक रांग बाहेरच राहिली.

नवखा_सभासद

😄 आणि निमंत्रित? विशेष निमंत्रित? कायम निमंत्रित?

फिरतीवर

हसू आलं, पण त्यामागचं दुखणं सांगतो. कार्यकर्त्याला पगार नाही, सत्ता नसेल तेव्हा कामंही होत नाहीत. द्यायला हातात एकच गोष्ट असते, लेटरहेडवरचं पद. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर ते पद छापलं जातं. त्याला त्याचा अभिमान असतो आणि तो असायलाच हवा. म्हणून संख्या फुगते. कमी करा म्हणणं सोपं आहे. मग त्या माणसाचा मान राखायचा कसा, त्याचं उत्तरही नियमावलीत द्या. मला वाटतं पद कमी आणि जबाबदारी जास्त असं करता येईल: बूथ, मतदार यादी, सभासद पडताळणी यांची नेमून दिलेली कामं, आणि ती पार पाडणाऱ्याचं नाव वार्षिक अहवालात.

अर्धविराम

अवांतर: हा प्रदेश नावाचा स्तर आपल्याकडे आला कुठून, हे आठवलं तर मजा येते. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली, मसुद्यामागे गांधीजी होते. चार आणे वर्गणी आणि भाषेनुसार प्रांतिक समित्या. सरकारी नकाशात मराठी प्रदेश वेगवेगळ्या प्रांतांत विखुरलेला, पण पक्षाने भाषा धरून आपले प्रांत पाडले. मुंबई शहराची समिती तेव्हा वेगळी झाली, आणि मुंबई काँग्रेस आजही महाराष्ट्र प्रदेशापासून वेगळी चालते. भाषावार राज्यं १९५६ मध्ये झाली आणि संयुक्त महाराष्ट्र १९६० मध्ये. म्हणजे राज्याच्या आधी ४० वर्षं पक्षाच्या नियमावलीत हा विचार आला होता. नियमावली लिहिणं कोरडं काम आहे असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

कोरा_कागद

@अर्धविराम, हे आमच्या समितीत नक्की वाचून दाखवणार. बाकी सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवतोय.

एका विषयावर आम्ही तिघं अडलोय. शिस्तभंग. आजची पद्धत अशी की प्रदेशाध्यक्ष पत्रक काढतात, 'सहा वर्षांसाठी निलंबित', आणि ते त्या माणसाला वर्तमानपत्रातून कळतं. दुसरं, जिल्हा समिती बरखास्त करून तदर्थ समिती नेमतात आणि ती 'तात्पुरती' समिती चार वर्षं चालते. यावर काय लिहावं?

कलम_दर_कलम

जर्मनीकडे बघा. तिथल्या संविधानातच पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी असं आहे, आणि १९६७ पासून स्वतंत्र पक्ष कायदा आहे. त्यात हकालपट्टीचा निर्णय पक्षाच्या लवादाने घ्यायचा असतो, आणि लवादाच्या सदस्याला कार्यकारिणीत बसता येत नाही. म्हणजे आरोप करणारा आणि न्याय देणारा वेगळे. खालची शाखा बरखास्त करायची तर कारण गंभीर हवं, आणि पुढच्या अधिवेशनाने त्या निर्णयाला मान्यता दिली नाही तर तो आपोआप संपतो.

ही शेवटची तरतूद तुमच्या तदर्थ समितीला नेमकी लागू पडते. तारीख घाला. 'तदर्थ समितीची मुदत सहा महिने. त्याआत निवडणूक न झाल्यास आधीची समिती पुन्हा कामाला लागेल.'

फिरतीवर

आधीची समिती पुन्हा? ती फुटीरांच्या ताब्यात असेल तर? ऐन निवडणुकीत अख्खा जिल्हा विरोधकांच्या दावणीला बांधलेला मी पाहिलाय. तेव्हा बरखास्ती केली नसती तर पक्ष संपला असता.

रानपाखरू

बरखास्त करा ना, दादा. सहा महिन्यांत निवडणूक घ्या एवढंच म्हणणं आहे. चांगली माणसं असतील तर सभासद पुन्हा त्यांनाच निवडतील.

आणि निलंबनाआधी कारणे दाखवा नोटीस, १५ दिवसांची मुदत, समोर बसवून ऐकणं, एवढं तरी हवंच. आपला माणूस आहे तो. गणपतीत आपल्या घरी आलेला असतो.

फिरतीवर

सहा महिने कमी पडतील, नऊ म्हणा. नोटिशीचं मान्य.

कोरा_कागद

दहा दिवसांनी धाग्यावर परत येतोय. पहिला मसुदा झाला. सगळी कलमं इथे टाकता येणार नाहीत, पण तुमच्यामुळे जे आलं ते सांगतो.

पहिलं कलम सभासद यादीचं. यादी तालुका कार्यालयात वर्षातून एकदा २१ दिवस लावायची, ज्याचं नाव आहे त्याला फोन करून खात्री करायची, हरकत कुणीही सभासद घेऊ शकेल. दुसरं बैठकीचं: वर्षातून किमान सहा, सात दिवस आधी लेखी सूचना, इतिवृत्ताची प्रत प्रत्येक जिल्ह्याला. एबी फॉर्मची नोंदवही जशीच्या तशी घेतली, आणि त्यात एक ओळ मी हट्टाने घातली की उमेदवाराने विचारल्यास नोंदीची प्रत सात दिवसांत द्यायची. रानपाखरूताई, ती ओळ तुमची आहे. दोन सह्यांचं कलम आहे. शिस्तपालन समितीत कार्यकारिणीचा कुणी नसेल. पदाधिकारी ४१, निमंत्रितांना मत नाही. तदर्थ समितीवर आम्हा तिघांत दोन मतं राहिली, म्हणून सहा आणि नऊ दोन्ही पर्याय कंसात ठेवलेत. कार्यकारिणी ठरवेल.

मसुदा प्रदेशाध्यक्षांना दिला. त्यांनी दोन तास बसून वाचला. दोन सह्यांच्या कलमाशी थांबले आणि म्हणाले, 'यात माझी सही नाही.' मी हिशेबनीस यांचा खजिनदाराचा किस्सा सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, राहू दे.

हिशेबनीस

डोळ्यांत पाणी आलं. तो माणूस आज असता तर त्याला दाखवलं असतं.

नवखा_सभासद

दादा, कार्यकारिणीत मंजूर व्हायला किती मतं लागतील?

कोरा_कागद

हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश. बैठक पुढच्या महिन्यात आहे. आजपासून एकेका सदस्याला भेटायला निघालोय, मसुद्याच्या प्रती बरोबर आहेत. पहिली भेट त्या जिल्ह्यातली, जिथे दोन जिल्हाध्यक्ष होते. दोघांनाही एकाच वेळी, एकाच खोलीत बोलावलंय.

फिरतीवर

त्या भेटीला मी येऊ का? दोघंही मला ओळखतात.